वागळे इस्टेटमधलं बोरिंगचं गॅरेज आणि आमच्या एटीव्हीचं इंजिन – सविस्तर रिव्ह्यू

चायनीज इंजिनवाली एटीव्ही (शेतात, माळावर चालणारी चारचाकी बाईक) ज्यांच्याकडे आहे आणि ती चढाला दम सोडते म्हणून जे लोक बिग बोअर किट (मोठा ब्लॉक-पिस्टन), रेसिंग सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) वगैरे शोधत बसलेत त्यांच्यासाठी मुद्दाम हे सगळं टाईप करतोय. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एक छोटं बोरिंगचं गॅरेज आहे, तिथे आमच्या गाडीचं इंजिन करून घेतलं आणि काम इतकं मनापासून आणि मोजूनमापून झालंय की लिहायलाच पाहिजे होतं. मोठं झालंय, पण ज्याला खरंच काम करून घ्यायचंय त्याला उपयोगी पडेल.

आधी गाडीचं सांगतो. आमची एटीव्ही मुरबाडला वाडीवर असते, मागे छोटी ट्रॉली लागते, उन्हाळ्यात आंब्याच्या कलमांना पाण्याचे कॅन चढावर न्यायचे, खताच्या गोणी, कुंपणाचे खांब, हीच तिची ड्युटी. पासिंग नाही त्यामुळे रोडवर काढायचा प्रश्नच नाही, कुठे न्यायची तर छोटा हत्ती करावा लागतो. आणि वाडीच्या आसपास या इंजिनाचा मेकॅनिक नाही. म्हणजे बघा, एप्रिलच्या उन्हात गाडी बंद पडली तर पाणी वर जाणार नाही आणि नवीन लावलेली कलमं हातची जाणार. म्हणून मला पॉवर पाहिजे होती पण रोज पहिल्या सेल्फला चालू होणारी, भर दुपारी ट्रॉली लावून चढ चढली तरी न तापणारी पॉवर पाहिजे होती. नुसता आवाज वाढवून काय करायचंय.

टाकीवर २५० चा स्टिकर आहे. इंजिनवर मात्र १६७एफएमएम असा कोड आहे, त्यातला ६७ म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६७ एमएम, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ६५ एमएम, हिशोब केला की २२९ सीसी येतात. २५० म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच एटीव्हींमध्ये हेच इंजिन असतं, तुमच्याही गाडीच्या कोडवरची माती पुसून एकदा बघा. हे मूळचं होंडाच्या सीजी घराण्यातलं. होंडाने १९७६ साली सीजी १२५ आणली ती मुद्दाम साधी ठेवून आणली होती, हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) कॅम नाही, लांबलचक टायमिंग चेन नाही, कॅम खाली आणि तिथून पुशरॉड म्हणजे लांब दांड्या वर जाऊन व्हॉल्व्ह उघडतात. जिथे रस्ते खराब आणि सर्व्हिसिंग वेळेवर होत नाही तिथेसुद्धा चालावी हा विचार. चिनी कंपन्यांनी तेच डिझाईन वाढवत वाढवत २२९ सीसीपर्यंत नेलं. आता यातून एक गोष्ट सरळ निघते, हे इंजिन खालच्या आरपीएमला ओढण्यासाठी आहे, वर किंचाळत फिरण्यासाठी नाही. पुशरॉड, टॅपेट, रॉकर या सगळ्याला वजन असतं, फार फिरवलं की व्हॉल्व्ह स्प्रिंगला ते आवरत नाही आणि व्हॉल्व्ह वेळेवर सीटवर बसत नाही. त्यामुळे मोटारसायकलवाल्यांचे जे पॉवरचे फंडे असतात ते इथे जसेच्या तसे लावून चालत नाही. माझ्या आत्तेभावाच्या गाडीचं तेच झालं, त्याने एका ठिकाणी मोठा ब्लॉक-पिस्टन, कोन फिल्टर आणि फ्री फ्लो सायलेन्सर असं पॅकेज बसवून घेतलं, जेटिंग (कार्बुरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते जुळवणं) कोणी केलंच नाही, पहिल्याच उन्हाळ्यात पिस्टन जाम.

त्याच्याच ओळखीतून या गॅरेजचा पत्ता लागला कारण त्याचा जाम झालेला ब्लॉक शेवटी इथेच नीट झाला.

वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची सगळ्यात पहिली वसाहत, १९६२ ची. आता अर्ध्या शेड पाडून काचेची ऑफिसं झालीत पण आतल्या गल्ल्यांमध्ये अजून लेथवाले, ग्राइंडिंगवाले, प्लेटिंगवाले टिकून आहेत आणि त्यातल्याच एका गाळ्यात हे आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'बोरिंग – होनिंग – लेथ वर्क' लिहिलंय. मालक काका साठीच्या पुढचे, आधी एका कारखान्यात टूलरूमला होते, मशीनवर स्वतः उभे राहतात. कार्बुरेटर आणि वायरिंगचं त्यांचा मुलगा बघतो. गाळा अंधारा आहे, बसायला एक स्टूल, पण बोरिंग मशीनच्या बाजूला मोजायची हत्यारं मात्र फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये नीट ठेवलेली, ते बघूनच मला बरं वाटलं. ज्या माणसाचा मायक्रोमीटर धुळीत पडलेला असतो त्याच्याकडे ब्लॉक देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी गेल्या गेल्या सांगितलं, काका मोठं किट टाकायचंय, पिस्टन तुम्ही सांगाल तो आणतो. त्यांनी किटबद्दल एक शब्द न बोलता कॉम्प्रेशन गेज लावला. प्लग काढून गेज फिरवून बसवला, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला सांगितलं आणि सेल्फ मारला, काटा ११० पीएसआयच्या आसपास जाऊन थांबला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकलं आणि परत सेल्फ मारला, तर काटा १४० च्या वर. हे का केलं तर ऑइल टाकल्यावर रीडिंग वाढलं म्हणजे गळती रिंगकडून आहे, ऑइल थोडा वेळ रिंगची फट बुजवतं. रीडिंग वाढलं नसतं तर व्हॉल्व्हवर संशय. पाच मिनिटांचं काम आहे पण मी आधी ज्या ज्या ठिकाणी विचारायला गेलो होतो तिथे एकानेही केलं नव्हतं, सगळ्यांनी डायरेक्ट कोटेशन दिलं.

"दादा, आहे तीच ताकद बाहेर पळतेय. याच्यावर मोठं किट टाकणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं," असं म्हणाले आणि म्हणाले आधी खोलू, मोजू, मग बोलू.

खोलल्यावर जे मोजलं ते मला शेजारी उभं करून दाखवलं. डायल बोअर गेज ब्लॉकमध्ये सोडून वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचीवर, आणि प्रत्येक उंचीवर आडवं-उभं अशा दोन दिशांनी. खाली ६७.०४, आणि वरच्या बाजूला जिथे रिंग येऊन उलटी फिरते तिथे ६७.१३. म्हणजे ब्लॉक वर रुंद खाली अरुंद, आणि गोल न राहता किंचित लंबगोल. अशा ब्लॉकमध्ये नवीन रिंग टाकली तरी ती वर सैल खाली घट्ट होत राहणार आणि कधीच नीट बसणार नाही. आपल्याकडे हाफ इंजिनच्या कामात बरेच जण नुसत्या रिंगा बदलून देतात आणि महिन्याभरात परत धूर सुरू होतो त्याचं कारण हे.

मग माझी लिस्ट काढली. जवळजवळ सगळ्याला नाही म्हणाले पण प्रत्येक नाहीला कारण दिलं, आणि खरं सांगायचं तर या रिव्ह्यूमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, कारण पैसे मी द्यायला तयार होतो, त्यांना घेता आले असते.

मोठा बोअर नको, कारण लायनर पातळ होतो. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचा लायनर. लायनर जेवढा जाड तेवढा तो गरम झाल्यावर गोल राहतो, खूप कापला की उष्णतेने वाकडा होतो आणि एअर कूल्ड इंजिनमध्ये ती उष्णता काढून न्यायला फक्त फिन्स आणि वारा. मोटारसायकल साठने पळते तेव्हा वारा लागतो, आपली गाडी ट्रॉली ओढत दहा-पंधराने चढते तेव्हा वारा कुठून येणार. पटलं.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं पण नको म्हणाले, तेच कारण, उष्णता. कमी स्पीड, जास्त लोड आणि उन्हाळा असं तिन्ही एकत्र आलं की नॉकिंग (पेट्रोलचा आत अवेळी भडका) सुरू होतं आणि नॉकिंगचा आवाज इंजिनच्या खडखडाटात ऐकूच येत नाही, कळतं ते पिस्टन पोखरल्यावर. हेड फक्त सपाट आहे का ते काचेवर निळा रंग लावून चेक केलं आणि अगदी नावाला लेव्हल केलं.

रेसिंग सीडीआय नको. त्यात मुख्य फरक काय तर आरपीएमची मर्यादा काढून टाकलेली असते, आणि पुशरॉडच्या इंजिनला तीच मर्यादा वाचवत असते. हाय लिफ्ट कॅम नको, त्याने ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते, आपल्याला पाहिजे खाली.

कोन फिल्टरवर तर जरा चिडलेच. मुरबाडच्या वाडीवरची लाल माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते, ती उघड्या फिल्टरमधून आत गेली की ऑइलमध्ये मिसळून रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. माझा ब्लॉक ०.१३ एमएम खाल्लाय तो याच धुळीने. त्यामुळे कंपनीचा एअर बॉक्स तसाच ठेवला, त्याच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं ते बदललं, आणि आत फोमचा फिल्टर फिल्टर ऑइल लावून पिळून बसवला. कोरडा फोम धूळ अडवत नाही, ऑइल लावलेला अडवतो. हे एवढं साधं काम आहे आणि बहुतेक एटीव्हींमध्ये फोम कोरडाच असतो, झाकण उघडून बोट लावून बघा.

सायलेन्सरपण तोच ठेवला. फक्त त्याच्या शेपटातली जाळी, म्हणजे ठिणगी अडवणारी, ती काढून बाहेर आपटली तर कार्बनचे तुकडे पडले, निम्मी जाळी बुजलेली. कार्बन जाळून, तारेच्या ब्रशने साफ करून परत बसवली. काही लोक ही जाळी पॉवरसाठी काढूनच टाकतात. कृपा करून काढू नका. मार्च-एप्रिलमध्ये माळावर वाळलेलं गवत गुडघाभर असतं, एक ठिणगी पुरते वणव्याला आणि आपल्या एकट्याची वाडी नसते तिथे, शेजाऱ्याची असते, पलीकडे जंगल असतं.

आता काय केलं ते.

ब्लॉक ०.५० ओव्हरसाईजला बोअर केला, म्हणजे ६७.५ एमएम. सीसी किती वाढले तर साडेतीनसुद्धा नाही, २२९ चे २३२ झाले. पण ताकद त्यातून आलेली नाही. बोअर करताना त्यांनी ब्लॉकवर हेडच्या जागी एक जाड लोखंडी प्लेट टॉर्क रेंचने टाईट केली आणि मग कापलं, कारण हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक मायक्रॉनमध्ये का होईना वाकतो, तो वाकलेल्या अवस्थेत गोल पाहिजे, टेबलावर ठेवल्यावर गोल असून उपयोग नाही. ही प्लेट त्यांनी स्वतः या इंजिनाच्या बोल्टच्या मापाने बनवलीय. पिस्टन आधी हातात आला, तो मायक्रोमीटरने मोजला आणि त्या पिस्टनच्या मापावर ब्लॉक कापला, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि ब्लॉकमधली फट, ४० मायक्रॉन ठेवला. मग होनिंग, त्या तिरक्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ज्या ऑइल धरून ठेवतात.

होनिंगनंतरचा प्रकार मी पहिल्यांदा बघितला. ब्लॉक पेट्रोलने न धुता गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने ब्रश मारून धुतला. पेट्रोलने ग्रीस जातं पण होनिंगच्या दगडाची बारीक रेती रेघांमध्ये अडकून राहते. सुकवून लगेच ऑइल लावलं आणि पांढरं फडकं आतून फिरवलं, फडक्यावर राखाडी डाग आला, परत धुतला. परत फडकं, परत हलका डाग. फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू होतं आणि काकांच्या चेहऱ्यावर जराही कंटाळा नव्हता. मग नवीन रिंग एकटी ब्लॉकमध्ये टाकून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने बघितली. ढोबळ नियम असा की बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे या ब्लॉकला साधारण ०.२७ एमएम. एक रिंग घट्ट निघाली, टोकाला बारीक कानस मारून बरोबर केली. फट कमी राहिली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि ब्लॉक ओरखडतो. डब्यातून काढून थेट बसवणारे हे बघतच नाहीत.

हेडचं काम पण तितकंच. व्हॉल्व्ह सीट तीन अँगलने कापल्या, लॅपिंग केलं, नवीन ऑइल सील टाकले, आणि सीट गळते का ते बघायला पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं, दुसऱ्या बाजूला ओल आली नाही तेव्हाच पुढे गेले. पोर्टमध्ये कास्टिंगची जी खरबरीत धार राहिलेली असते ती काढली आणि मॅनिफोल्ड, गॅस्केट, पोर्ट यांची तोंडं एकमेकांशी जुळवली. पोर्ट मोठा केला नाही. मोठा केला की हवेचा वेग कमी होतो आणि खालची ओढ जाते. टॅपेटची फट थंड इंजिनवर ०.०८ एमएमला सेट. माझ्या मते मिळालेल्या ताकदीचा मोठा हिस्सा या हेडच्या कामातून आणि कॉम्प्रेशन परत आल्यामुळे आलाय, आणि याच कामाची कोणी जाहिरात करत नाही कारण बाहेरून काही दिसत नाही.

कार्बुरेटर मात्र बदलला. आधीचा ३० एमएमचा होता, त्याच्या जागी मिकुनीचा २६ एमएमचा व्हीएम. लहान कार्बने पॉवर कशी वाढेल असं मलाही आधी वाटलं. पण खालच्या आरपीएमला इंजिन हवा कमी ओढतं, मोठ्या भोकातून ती हळू जाते आणि पेट्रोल नीट उडत नाही, गाडी गचके खाते. भोक लहान तर वेग जास्त, मिश्रण चांगलं. वरचा टॉप स्पीड थोडा जाईल, आम्हाला तो लागतच नाही. इथे एक सावधान, मिकुनीच्या नावाने डुप्लिकेट माल भरपूर फिरतो, जेटची भोकंसुद्धा आकड्याप्रमाणे नसतात. काकांच्या मुलाने ओळखीच्या दुकानातून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला आणि बसवायच्या आधी भिंगाखाली जेट दाखवले.

जेटिंगला त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि तो घ्यायलाच पाहिजे होता कारण आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला जळायला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९ च, त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलं की तो आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेला जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं भोक) आज लीन पडतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरने सांभाळून घेतात, कार्बुरेटरला कोण सांगणार. लीन म्हणजे गरम, आणि गरम म्हणजे परत तोच जाम पिस्टन. आत्तेभावाच्या गाडीत हेच झालं असणार. मेन जेट वाढवला, सुई एक खाच वर घेतली, फुल थ्रॉटलवर ओढून मध्येच इंजिन बंद करून प्लग काढून बघायचा, पांढरा आला तर लीन, काळा आला तर रिच म्हणजे पेट्रोल जास्त, शेवटी फिकट कॉफी रंगावर आणून थांबला. पेट्रोलच्या नळ्यापण इथेनॉल चालणाऱ्या टाकल्या, जुन्या रबरी नळ्या चिकट झाल्या होत्या.

थंड ठेवायचं म्हणून दोन गोष्टी. एक, फिन्समधला चिखल. वरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते पण ब्लॉकच्या मागच्या बाजूला फिन्समध्ये माती भाजून विटेसारखी झालेली होती, ती स्क्रू ड्रायव्हरने टोकरून काढली. दोन, समोर छोटा १२ व्होल्टचा पंखा, थर्मोस्टॅट स्विचवर, म्हणजे तापल्यावरच चालू होतो. सतत चालू ठेवला तर या गाडीचं चार्जिंग तेवढं नाही, बॅटरी बसेल. ऑइल २०डब्ल्यू-५०, जासो एमए लिहिलेलं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरेल. आणि या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही, जाळी आहे, त्यामुळे ऑइल लवकर लवकर बदलणं हाच फिल्टर समजा. जास्तीच्या ओढीसाठी क्लचच्या स्प्रिंगा नवीन टाकल्या.

शेवटी पुढचं स्प्रॉकेट १६ दातांचं काढून १५ चं टाकलं. चाकावरची ओढ जवळपास ७ टक्के वाढली, इंजिनला हात न लावता, काही शे रुपयांत. ज्यांना इंजिन खोलायचंच नाहीये त्यांनी किमान हे करा. आणि उलटा हिशोबपण लक्षात ठेवा, २२ इंचाचे टायर काढून शोसाठी २४ चे टाकले की ८ टक्के ओढ गेली. आधी मोठे टायर टाकायचे आणि मग गाडी ओढत नाही म्हणून इंजिन खोलायचं, असं करणारे मी बघितलेत.

रनिंग-इनबद्दल, म्हणजे नवीन काम केलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं त्याबद्दल, त्यांनी स्पष्ट सांगितलं की मुंगीच्या पावलाने चालवू नका. चालू करून गरम करा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, असं थोड्या वेळा झालं की थ्रॉटल कमी-जास्त करत हलक्या चढावर चालवा, रिंगला मागून दाब मिळाला तरच ती ब्लॉकला बसते. एका थ्रॉटलवर सलग नको, ट्रॉली नको. पहिलं ऑइल लगेच काढायचं. काढलं तेव्हा त्यात चांदीसारखी चमक होती, दुसऱ्या ऑइलमध्ये अगदी थोडी, तिसऱ्यात नाही.

रिझल्ट सांगतो. कॉम्प्रेशन आता १६५ पीएसआय. विहिरीकडून वर जो चढ आहे तिथे भरलेली ट्रॉली पहिल्या गिअरवर, तीही धापा टाकत चढायची आणि मध्ये एकाने उतरून ढकलायला लागायची, आता दुसऱ्या गिअरवर सरळ जाते आणि वर पोचल्यावर इंजिनचा आवाज बदललेला नसतो. मे महिन्याच्या दुपारी लागोपाठ खेपा केल्या, पंखा चालू-बंद होत राहिला पण तापून पॉवर पडली असं एकदाही नाही. निळा धूर गेला. बाबांनी चालवून बघितली आणि त्यांना गाडी नवीन घेतल्यासारखी वाटली, त्यांचा शब्द माझ्यासाठी डायनोपेक्षा (ताकद मोजायच्या मशीनपेक्षा) मोठा आहे कारण रोज तेच चालवतात. सपाटीवरचा टॉप स्पीड कमी झालाय, हे आधीच सांगितलेलं होतं. पेट्रोल किंचित जास्त लागतं असं वाटतं.

आता गॅरेजचं जे आवडलं नाही ते. दिलेली तारीख पाळली जात नाही. एकदा नाही, परत परत पुढे गेली, आणि फोन केला तर मशीन चालू असल्यामुळे काका उचलत नाहीत, मुलगा उचलतो आणि "काम चालू आहे" एवढंच सांगतो. ज्याला घाई आहे त्याला याचा खूप त्रास होईल. पंख्याचं वायरिंग नुसत्या टेपवर सोडलं होतं, चिखलपाण्यातल्या गाडीला ते चालत नाही, मी सांगितल्यावर स्लीव्ह टाकून परत करून दिलं पण सांगावं लागलं. बिल हाताने लिहिलेलं मिळतं, सुटे भाग आणि मजुरी वेगळी लिहितात हे चांगलं. आणि पार्किंग, त्याबद्दल गॅरेजला दोष देणार नाही, पण टेम्पो उभा करायला गल्लीत जागाच नाही, सकाळी लवकर जाणं हाच उपाय.

खर्च सगळा मिळून वीस-बावीस हजारांच्या घरात, त्यात कार्बुरेटर सगळ्यात महाग आयटम, मग पिस्टन किट. बोरिंग-होनिंगची मजुरी ज्या पद्धतीने केली त्या मानाने खूपच कमी घेतली, मी स्वतःहून जास्त देऊ केली तर घेतली नाही. छोटा हत्तीचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं, मुरबाडहून कल्याण, दुर्गाडी पूल, रांजनोली नाका करत माजिवड्याला यायला ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस धरा.

तिथे जाणार असाल तर नुसतं इंजिन उतरवून नेऊ नका, अख्खी गाडी न्या, कारण जेटिंग गाडीवर बसवूनच होतं आणि एअर बॉक्स, सायलेन्सर सगळं बरोबर लागतं. शुक्रवारी बंद. शक्य असेल तर पावसाळ्यात टाका, तेव्हा वाडीवर पाणी न्यायचं काम नसतं आणि तारीख पुढे गेली तरी अडत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढूनच न्या, ते ताजं टाकून घेतात. आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्बच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून त्यातलं पेट्रोल सोडून द्या, ई-२० हवेतला ओलावा धरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पायलट जेट बुजवून टाकतं, मग एवढं केलेलं जेटिंग असूनही गाडी चालू होणार नाही.